कुत्र्यासह धबधब्यापर्यंत: पहिल्या पायी सहलीची तयारी

पाच वर्षांचं मूल दमलं की वाटेतच फतकल मारून बसतं आणि आता एक पाऊलही टाकणार नाही म्हणून ठणकावून सांगतं. कुत्र्याचं तसं नसतं. तळवे सोलवटले, अंग तापलं, पाय दुखायला लागला, तरी तो तुमच्या मागे चालत राहतो. तुम्ही पुढे चाललात, एवढं कारण त्याला पुरतं. आमची झिपरी पहिल्या सहलीत १२ किलोमीटर चालली, वाटेत एकदाही कुरकुरली नाही, आणि घरी गाडीतून उतरताना तिला पाय टेकवेना. पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्यांची साल निघाली होती. चार दिवस तिला शू-शीला उचलून न्यावं लागलं. ती थांबली नाही म्हणून आम्हीही थांबलो नव्हतो. तेव्हापासून किती चालायचं, कुठे टेकायचं, पाण्यात उतरायचं की नाही, हे सगळं तिच्या वतीने आम्हीच ठरवतो. कसं ठरवतो, ते पायरीपायरीने सांगते.

पायरी १: आपला कुत्रा जाण्याजोगा आहे का?

ही पायरी सहलीच्या आधी निदान दीड महिना सुरू व्हायला हवी, कारण यात डॉक्टरांकडे जाणं आलं.

आधी वय बघा. पिल्लाच्या हाडांची टोकं अजून कोवळी असतात. लहान चणीच्या जातींत ती साधारण वर्षभरात भरतात, मोठ्या चणीच्या जातींत दीड वर्षही लागतं. तोवर लांबची चढउतार नकोच. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडलेले असतील तर चढापेक्षा उतार त्याला जास्त जड जातो. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची गोष्ट वेगळीच आहे. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना, अंग थंड करायला त्याच्याकडे धाप टाकणं हाच मोठा मार्ग. चपट्या नाकाच्या कुत्र्याचा श्वासाचा रस्ता मुळातच अरुंद, त्यामुळे धापा टाकूनही त्याचं अंग पुरेसं निवत नाही. अशा कुत्र्याला थंडगार सकाळी सपाट वाटेवर जरूर न्या, चढाच्या वाटेला मात्र जाऊ नका.

मग लसी. रेबीजची लस झालेलीच असेल, तरी तारीख तपासा. पाण्याच्या जागी जाताना लेप्टोस्पायरोसिसची लस त्याहून जास्त विसरली जाते. या आजाराचे जंतू उंदीर, गुरं, रानातले प्राणी यांच्या लघवीतून ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतात आणि तिथे कित्येक आठवडे टिकतात. कुत्र्याच्या अंगात ते खरचटलेल्या कातडीतून, डोळ्यांतून, तोंडातून शिरतात आणि मूत्रपिंड, यकृत यांवर घाला घालतात. हा आजार माणसालाही होतो, म्हणजे पाण्यात डुंबणाऱ्या मुलांचाही प्रश्न आहे. पहिल्यांदा लस देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, पुढे दरवर्षी एक. दीड महिना म्हटलं ते यासाठीच. त्याच भेटीत गोचिडांवरचं औषध सुरू करा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, "हा किती चालू शकेल?"

पायरी २: घराजवळचा सराव

रोज अर्धा तास फिरणारा कुत्रा एका दिवसात चार तास चालू शकत नाही. दर आठवड्याला एक फेरी थोडी लांबवा. त्यात पायऱ्या, खडी, ओली जमीन येऊ द्या, म्हणजे पंजे निबर होतात. फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा झोपेतून कसा उठतो ते पाहा. पटकन उठला तर अंतर झेपलं. आधी पुढचे पाय ताणून, मग मागचा भाग हळूहळू उचलत उठला तर अंतर जास्त झालं. माझा या सकाळच्या परीक्षेवर कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, याच दिवसांत घालायला लागा. नव्या हार्नेसने काखेत घासलं जातं आणि ते सहलीच्या दिवशी कळून उपयोग नाही. गळ्यातल्या पट्ट्यावर भिस्त ठेवू नका. घसरलेला कुत्रा पट्ट्याला लटकला तर गळा आवळला जातो, हार्नेसला धरून मात्र त्याला वर ओढता येतं. पाठीवर मूठ असलेला हार्नेस मिळाला तर तोच घ्या.

"ये", "थांब" आणि "सोड" हे तीन शब्द पक्के झाल्याशिवाय निघू नका. प्रत्येक शब्दाला हाताची एक खूणही जोडा. धबधब्याच्या आवाजात शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. तिथे दहा पावलांवर गेलेल्या कुत्र्याला तुमची हाक पोचत नाही. त्याने वळून पाहिलं तर हात दिसेल, एवढाच भरवसा. म्हणून अधूनमधून तुमच्याकडे वळून बघायची सवय लावा. वळून पाहिलं की खाऊ द्या, महिनाभरात ती अंगवळणी पडते.

सगळे कुत्रे जन्मतः पोहतात हा गैरसमज आहे. बुलडॉग, डॅशहंड यांसारख्या आखूड पायांच्या आणि जड अंगाच्या कुत्र्यांना पाण्यावर राहणं कठीण जातं. आपला कुत्रा पाण्यात काय करतो हे आधी गुडघाभर स्थिर पाण्यात पाहून घ्या.

पायरी ३: धबधबा निवडणं

फोटो बघून ठिकाण ठरवू नका, वाट बघून ठरवा.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब अजून कामाला येतो: ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा धडधाकट माणसाचा हिशेब झाला. मुलं आणि कुत्रा सोबत असतील तर त्याची दुप्पट धरा, त्यात पाण्याजवळ बसायचा वेळ मिळवा, आणि येईल ती बेरीज अंधार पडायच्या दोन तास आधी संपते का ते पाहा.

डोंगरावर जाताना चढ आधी असतो, उतार नंतर. बऱ्याच धबधब्यांचं उलटं असतं. कुंड दरीच्या तळाशी, म्हणून जाताना सगळे उड्या मारत उतरतात आणि चढ परतीला येतो. तोही दुपारी, ओल्या कपड्यांत, दमलेल्या पायांनी. अशा वाटेला सरावातल्या सगळ्यात मोठ्या फेरीच्या अर्ध्याहून लांब जाऊ नका.

तीन गोष्टी आधी विचारून घ्या. कुत्र्याला परवानगी आहे का? राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत पुष्कळदा नसते, आणि ते योग्यच आहे. कुत्र्याच्या वासानेही रानातले प्राणी बिथरतात. वाटेत शिडी किंवा लोखंडी जाळीच्या पायऱ्या आहेत का? जाळीत नखं अडकतात आणि घाबरलेला कुत्रा मध्यावरच थिजतो. ओढा ओलांडावा लागतो का? वेगाने वाहणारं पाणी १५ सेंटिमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. मुलं किंवा कुत्रा बरोबर असताना पूल नसलेला वाहता ओढा मी ओलांडत नाही.

मुक्कामाच्या जागीही कुत्र्याबद्दल आधीच बोलून ठेवा. त्याची घरची चादर सोबत न्या. ओळखीच्या वासावर तो अनोळखी खोलीत शांत झोपतो.

पायरी ४: पिशवी भरणं

घरात आराम करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला साधारण एक लिटर. चालायच्या दिवशी दुप्पट धरा आणि ते माणसांच्या पाण्याखेरीज वेगळं घ्या. ओढ्याचं पाणी त्याला प्यायला देऊ नका. लेप्टोचं कारण सांगितलंच. शिवाय काही प्रदेशांत पाणी पिताना बारीक जळू नाकपुडीत शिरते आणि मोठी होईपर्यंत कळत नाही.

बाकीचं सामान:

- घडीचं भांडं, नेहमीचा सुका खाऊ, शी उचलायच्या पिशव्या आणि त्या ठेवायला झाकणाचा डबा
- दीड-दोन मीटरची साधी दोरी. बटण दाबून लांबणारी नको, ती हातातून निसटते आणि झुडपांत गुंतते
- जाळीदार कापड, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, जखम धुवायला सलाइन, टोकदार चिमटा, कापलेल्या पंजावर चढवायला जुना मोजा
- कुत्र्याला झोळीत घालून आणता येईल अशी मजबूत चादर
- मऊ कापडाची लांब पट्टी, तोंड बांधायला. दुखणाऱ्या जागी हात लागला की लाडका कुत्राही चावतो
- दोन टॉवेल
- शिट्टी, प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन माणसांसाठी न्या, कुत्र्याला चुकूनही देऊ नका, दोन्ही त्याला विषासारखी आहेत. मुलांच्या खाऊतले मनुके, द्राक्षं, चॉकलेट, कांदा घातलेले पदार्थ आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम हेही तसंच. मुलांच्या हातून खाली सांडतं आणि क्षणात कुत्र्याच्या तोंडात जातं, म्हणून आम्ही हे पदार्थ सहलीला नेतच नाही.

तिथल्या सगळ्यात जवळच्या पशुवैद्याचा नंबर आणि पत्ता कागदावर लिहून घ्या. दरीत फोनला रेंज नसते.

पायरी ५: प्रवास

निघण्याआधी दोन-तीन तास अर्धं जेवण द्या. भरल्या पोटी उड्या मारल्या तर खोल छातीच्या कुत्र्यांत, उदाहरणार्थ जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन, पोट फुगून पिळवटण्याचा धोका असतो, आणि त्यावर तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा दगावतो. गाडीत हार्नेस सीटबेल्टला अडकवा आणि दर दोन तासांनी थांबा.

"पाचच मिनिटं" म्हणून गाडीत त्याला एकट्याला ठेवू नका. बाहेर २२ अंशांची सुखद हवा असली तरी उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात ४० अंशांच्या वर तापमान जातं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते. काच बोटभर खाली केल्याने फारसा फरक पडत नाही.

पायरी ६: वाटेवर

निघतानाच कामं वाटून घ्या. एक मोठं माणूस कुत्र्याचं, दुसरं मुलांचं. दोरी मुलाच्या हातात देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. उतारावर २० किलोच्या कुत्र्याने एक हिसका दिला की मूल पुढे फेकलं जातं. मुलाला दुसरं काम द्या. आमचा लेक दर थांब्याला झिपरीचे चारही पंजे तपासतो आणि ते काम त्याला फार महत्त्वाचं वाटतं. तसं ते आहेही. मोठ्या माणसानेही दोरी मनगटाला गुंडाळू नये, कमरेला बांधू नये.

कड्याच्या बाजूला आपण, डोंगराच्या बाजूला कुत्रा. समोरून कुणी आलं तर वाट सोडून बाजूला थांबा, दोरी आखूड धरा. कुत्र्यांना घाबरणारी माणसं असतात, आणि "काही करत नाही तो" या वाक्याने त्यांची भीती जात नाही.

दर अर्ध्या तासाला सावलीत थांबा. थोडं पाणी द्या, पुन्हा पाच मिनिटांनी थोडं. उघडा कातळ लागला तर हाताची मागची बाजू त्यावर टेकवून सात आकडे मोजा. हात ठेवणं जमलं नाही तर पंजेही भाजतील.

दमणुकीची चिन्हं आता मला दुरून कळतात. जो पुढे ओढत होता तो मागे रेंगाळतो. प्रत्येक सावलीकडे वळतो. शेपटी खाली येते. जीभ नेहमीपेक्षा लांब बाहेर लोंबते आणि टोकाशी पळीसारखी रुंद होते. जीभ अशी दिसली की थांबायचंच, धबधबा पुढच्या वळणावर असला तरी.

त्यापुढची पायरी उष्माघाताची. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. थांबत नाही अशी धाप, दाट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, ओकारी. असं दिसलं तर आधी थंड करायचं, मग दवाखान्याकडे पळायचं. सावलीत आणा, आहे ते सगळं पाणी अंगावर ओता, पोट आणि मांड्या भिजवा, टोपीने वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तो सावरला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण आतल्या अवयवांची इजा एक-दोन दिवसांनीही वर येते.

सापाने चावा घेतला तर कुत्र्याला चालवू नका. झोळीत घाला, शक्य तितकं हलवू नका. जखम चिरणं, चोखणं, वर आवळून बांधणं यातलं काही न करता थेट दवाखाना गाठा.

शी पिशवीत भरून परत न्यायची. वाटेच्या कडेला "येताना उचलू" म्हणून ठेवलेली पिशवी बहुधा तिथेच राहते.

पायरी ७: पाण्याजवळ

पोचल्या पोचल्या सगळ्यांना पाण्यात उडी घ्यायची असते. आमच्याकडे नियम आहे: पहिली दहा मिनिटं पाण्यापासून लांब बसून नुसतं बघायचं. कुत्र्याची दोरी हातात. त्या दहा मिनिटांत पाणी कुठून पडतं, कुठे वळतं, कुंडातून बाहेर कुठे जातं, कुठले दगड चकाकतात, हे दिसायला लागतं. मुलांना हे बघायला शिकवलं की तीच आधी दाखवतात.

चकाकणारा दगड म्हणजे शेवाळ. कुत्र्याच्या नखांना त्यावर काहीही पकड मिळत नाही, आणि कुत्रा घसरला की दोरी धरणारा पाठोपाठ घसरतो. धबधब्याच्या माथ्यावर, जिथून पाणी खाली कोसळतं तिथे, कुत्रा आणि मुलं न्यायचीच नाहीत. पाणी तिथे घोट्याएवढंच दिसतं, कातळ मात्र गुळगुळीत झालेला असतो आणि धरायला काही नसतं.

धारेच्या खाली उभं राहण्याचा मोहही आवरा. वरून पाण्याबरोबर दगड आणि फांद्या येतात. शिवाय पाणी पडतं तिथला पांढरा फेस फसवा असतो. हवेचे बुडबुडे मिसळलेलं पाणी हलकं होतं, त्यात पोहणारं अंग नेहमीसारखं तरंगत नाही, आणि कोसळणाऱ्या पाण्याचा उलटा प्रवाह माणसाला पुन्हा धारेखाली ओढून नेतो. चांगला पोहणाराही त्यात सापडतो.

मग भिजायचं कुठे? कुंडातून पाणी बाहेर पडून पसरतं, तळ स्पष्ट दिसतो, पान टाकलं तर सावकाश वाहत जातं, तिथे. खोली कुत्र्याच्या छातीपेक्षा कमी हवी. आधी मोठं माणूस उतरतं, मग कुत्रा, मग मुलं. पोहायचं असेल तर कुत्र्याला पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घाला. वाहत्या पाण्यात लांब दोरी बांधून सोडू नका, ती दगडात अडकली की कुत्रा पाण्याखाली खेचला जातो.

एक गोष्ट घरी असतानाच, शांतपणे, मुलांसमोर सांगून ठेवा: कुत्रा वाहून चालला तरी त्याच्या मागे कुणीही उडी मारायची नाही. काठाने खालच्या बाजूला पळायचं, उथळ जागी थांबून खुणा करायच्या, शिट्टी वाजवायची. कुत्र्याला वाचवायला उतरलेली माणसं बुडतात आणि कुत्रा थोड्या अंतरावर स्वतःच काठाला लागतो, असं अनेकदा घडलेलं आहे. सांगायला हे जड जातं, म्हणून ते ऐनवेळेवर ठेवायचं नाही.

पाण्यात काठी फेकून आणायचा खेळ दहा मिनिटांत आटोपता घ्या. दरवेळी काठी तोंडात धरताना पोटात पाणी जातं. फार पाणी गेलं तर रक्तातलं मिठाचं प्रमाण उतरतं. कुत्रा झोकांड्या खातो, पोट फुगतं, लाळ गळते, नजर हरवल्यासारखी होते. ही चिन्हं दिसली तर थेट डॉक्टरांकडे न्या. थंडीचाही विचार करा. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पटींनी भराभर काढून घेतं. कुत्रा कुडकुडायची वाट न बघता बाहेर काढा आणि कोरडा करा.

बाजूला साचलेल्या डबक्यावर हिरवट-निळी साय किंवा रंग सांडल्यासारखे पट्टे असतील तर त्याला तिकडे जाऊ देऊ नका. त्यातल्या काही सूक्ष्मजीवांचं विष काही तासांत कुत्र्याचा जीव घेतं, आणि अंग चाटूनही ते पोटात जातं.

आणि शेवटचं, सतत मनात ठेवायचं: लोंढा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर, डोंगरात, पाऊस पडत असू शकतो. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला, यातलं एकही दिसलं की सामान तिथेच टाकून उंच जागी चढायचं. कुत्रा बऱ्याचदा आपल्याआधी अस्वस्थ होतो, तेव्हा त्याच्याकडेही लक्ष असू द्या.

पायरी ८: परत आल्यावर

मुक्कामी पोचल्यावर अंघोळीआधी कुत्रा. स्वच्छ पाण्याने धुवा, टॉवेलने पुसा, कानांची आतली बाजू खास कोरडी करा. लोंबत्या कानांत ओल राहिली की चिघळतं. मग गोचिडी शोधा: कानांच्या मागे, काखेत, बोटांच्या फटींत, शेपटीच्या मुळाशी. चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. तेल ओतू नका, चटका देऊ नका. लाइमसारख्या आजाराचे जंतू गोचीड चिकटून सहसा दिवसभर उलटल्यावर अंगात जातात, काही आजारांचे त्याआधीही, म्हणून हे काम त्याच रात्री करा. मुलांचीही तशीच तपासणी करा.

दुसऱ्या दिवशी दुसरा धबधबा ठरवू नका. जवळपास निवांत फेरी पुरे. कुत्र्याची शेपटी मुळापासून लुळी लोंबत असेल तर घाबरू नका, थंड पाण्यात खूप पोहल्यावर स्नायू आखडून असं होतं आणि काही दिवसांत सुधारतं. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, जेवण सोडणं, ओकाऱ्या, डोळ्यांत पिवळेपणा, लघवी फार वाढणं किंवा अगदी कमी होणं, एकाच नाकपुडीतून रक्त, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा आणि "आम्ही धबधब्याला गेलो होतो" हे आधी सांगा.

घरी एक वही ठेवा. किती किलोमीटर, किती चढ, ऊन कसं होतं, पाणी किती प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कसा उठला. झिपरीच्या वहीत शेवटच्या रकान्यात माझी लेक चित्र काढते: पटकन उठली तर उभा कुत्रा, नाहीतर आडवा. पुढचा धबधबा निवडताना आम्ही तो रकाना आधी बघतो.